काशीत सोडलेला दुधी

“तुमची वही काकूंनी लिहायची आणि काकूंची तुम्ही,” मगदूमबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमच्या हातांतल्या दोन वह्यांची अदलाबदल केली.

मला वाटलं, त्यांची चूक झाली. त्या वहीवर मी नुकतंच माझं नाव नीट घातलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

“चूक नाही काका. स्वतःची वही सगळे खोटी लिहितात. मी आठ वर्षं बघतेय. एकजण रोज ताकभात लिहायचे. त्यांच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, आमच्या घरात ताक आलेलं मी बघितलंच नाही. तेव्हापासून नवऱ्याचं बायकोनं लिहायचं आणि बायकोचं नवऱ्यानं. सासू-सुनेचं मात्र देत नाही एकमेकींकडे.”

“ते का?” कुमुदने विचारलं.

“फार खरं लिहितात.”

ही सोळा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा पासष्टचा होतो, कुमुद साठची. मगदूमबाईंचं ‘समग्र आहार सल्ला केंद्र’ सांगलीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. खाली गिरणी चालू असली की वरचं टेबल थरथरायचं आणि सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागायचं. मला मोठ्याने बोलता येत नाही. त्यामुळे माझ्या बहुतेक वाक्यांवर बाई “काय?” म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा सांगण्याइतकं ते महत्त्वाचं नाही असं वाटून मी गप्प बसायचो.

कुमुदला हर्निया झाला होता. सर्जन म्हणाले होते, ऑपरेशन साधं आहे. पण रक्त साडेसात आणि वजन अडतीस किलो, अशा अवस्थेत मी हात लावणार नाही. दहाच्या वर आणा. “आणि मध्येच अडकला तर?” असं मी विचारलं. ते म्हणाले, “तो अडकायच्या आत आणा.” रक्तवाढीच्या गोळ्या तिला सोसत नव्हत्या, मळमळायचं. जेवण तर त्याआधीच तुटलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडलं नाही. बडोद्याहून आमच्या मुलीने फोनवरूनच मगदूमबाईंची वेळ घेतली आणि मला बजावलं, “बाबा, तुम्ही नुसते सोबत जाऊ नका. तुम्हीही दाखवा. तुम्ही करणार असाल तरच आई काही करेल.” म्हणून वह्या दोन.

“गोळी सोसायला आधी पोटात काही असायला लागतं,” बाई म्हणाल्या. “पालक, अळीव, खजूर, नाचणी, सगळं मी लिहून देईन. सगळे देतात. पण काकू, तुम्हाला खावंसं काय वाटतं?”

“काही नाही.”

“लहानपणी काय आवडायचं?”

“आता काय त्याचं.”

“काका, यांना काय आवडतं?”

मी विचार केला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. “चहा,” मी म्हणालो.

“काय?”

मी गप्प बसलो.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तिथे शाळेची पुस्तकं छापली जात, शिवाय एक पंचांग. एकादशी एका ओळीने खाली सरकली तर गावोगावच्या लोकांचा उपास चुकेल, या धास्तीत मी एकतीस वर्षं काढली. सांगायचं एवढंच, की बघून लिहिण्याचं काम माझ्या सवयीतलं होतं. पण घरी जेवताना माझ्यासमोर पुस्तक असायचं, पाण्याच्या तांब्याला टेकवून. ते आता मिटावं लागलं, कारण बाईंच्या वहीत रकाने होते: वेळ, पदार्थ, किती, आणि शेवटी शेरा.

पहिल्या दिवशी मी लिहिलं: ‘सकाळी ११॥. भाकरी. पाव.’ ती पाव भाकरी होती की पाव आणि भाकरी, अशी शंका वाचणाऱ्याला येईल, म्हणून खोडून ‘चतकोर’ केलं.

“काय लिहिताय एवढं?” कुमुदने विचारलं.

“चतकोर.”

“मग त्याला दोन ओळी कशाला?”

तिने माझी वही पाच मिनिटांत लिहून टाकली होती. तीत मी डब्यातून उभ्याउभ्या खाल्लेली अर्धी शंकरपाळीसुद्धा होती. अर्धी कशी, तर उरलेली अर्धी मी परत डब्यात टाकली होती आणि तिने ती ओळखली होती.

चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की तिचा नकार कुठल्या पदार्थाला नव्हता. ती ताट घ्यायची, भाजी बघायची, दोन घास खायची, आणि पुढे जेवायला काही कारणच नसल्यासारखी थांबायची. पालकाचं तेच आणि अळिवाच्या खिरीचंही तेच. मी शेऱ्यात ‘थांबली’ असं लिहीत गेलो. सहाव्या दिवशी एका पानावर तो शब्द चार वेळा आला, तेव्हा मला भीती वाटली.

बाजारात जातानाही वही न्या, असं बाईंनी सांगितलं होतं. माणूस भाजी कशी निवडतो त्यावरून कळतं म्हणे. आठव्या दिवशी मी कुमुदच्या मागे वही घेऊन मंडईत गेलो. एका भाजीवालीपुढे तिने एक दुधी उचलला, अंगठ्याचं नख त्याच्यावर हलकेच टेकवलं, नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. मग वांगी घेतली.

“दुधी घ्यायचा होता का?” मी विचारलं.

“छे. तुम्ही सोडलाय ना.”

“मी सोडलाय. तू खा की.”

“नवऱ्याने काशीला सोडलेलं घरात शिजवायचं? काहीतरीच.”

भाजीवाली वांगी मोजताना थांबली. “लई वर्सं झाली बघा काका. काकू येत्यात, दुधीला हात लावत्यात, ठिवत्यात. मी म्हनलं कुनाचं पथ्यबिथ्य असंल.”

“वांगी मोजा,” कुमुद म्हणाली.

परत येताना मी विचारलं, “तुला दुधी आवडतो?”

“आवडायला काय. माहेरी मांडवावर लागायचे. भाजी, थालीपीठ, भरीत, सालींची चटणी. पोरींना दुसरं मिळायचं काय? दोन भाकऱ्या जायच्या त्याच्यावर.” एवढं तिने पदार्थांबद्दल गेल्या सहा महिन्यांत बोललेलं मला आठवत नव्हतं.

आता मला काशीचं सांगितलं पाहिजे. माझी आई गेली, त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. आम्ही दोघं तिच्या अस्थी घेऊन काशीला गेलो. विधी झाल्यावर घाटावरचे गुरुजी म्हणाले, “आईंच्या नावाने एक आवडती वस्तू सोडा. यापुढे ती तोंडात घालायची नाही. बोला, काय सोडता?” मागे लोक उभे होते. घाईत विचारलं की मला काहीच आठवत नाही. आवडीचं एकही नाव सुचेना, आणि नावडीचं मात्र जिभेवर तयार होतं. लहानपणापासून मला दुधी गिळवत नाही. “दुधी,” मी म्हणालो. गुरुजींनी माझ्या ओंजळीतून पाणी सोडवलं. मग त्यांनी कुमुदला विचारलं. ती म्हणाली, “मी मनात म्हटलंय.” काय म्हटलं, ते मी विचारलं नाही.

ही लबाडी होती की घाबरटपणा, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तेव्हा मात्र फार हलकं वाटलं होतं. पुढे कुणाकडे जेवायला गेलो आणि दुधी निघाला, की कुमुद यजमानांना सांगायची, “यांनी काशीला सोडलाय,” आणि लोक माझ्याकडे आदराने बघायचे. तो आदर मी एकोणीस वर्षं वापरला.

माझ्यासाठी ती दोन भाकऱ्या जाणारी भाजी सोडून बसली होती, आणि मला ती भाजी पहिल्यापासून नकोच होती. हे तिला सांगणं भाग होतं. मी तीन दिवस प्रयत्न केला. एकदा “कुमुद” असं म्हणालोसुद्धा. तिने “काय?” विचारलं आणि मी पंख्याचं बटण दाबायला सांगितलं.

शेवटी मला मार्ग सापडला. दुपारी ती आडवी झाल्यावर मी तिची वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘मगदूमबाईंस विनंती. दुधी मला कधीच आवडत नव्हता. नावडता म्हणून सोडला. हिला तो फार आवडतो, पण माझ्यामुळे खात नाही. हे आपण आपल्या पद्धतीने हिला समजावून सांगावे. माझे नाव येऊ नये.’ वाचून पाहिलं. ‘आपण आपल्या’ खटकत होतं, पण राहू दिलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही माडी चढलो. मी वही बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती न उघडता कुमुदकडे सरकवली.

“वाचा काकू. मोठ्यानं.”

“मी?” कुमुद म्हणाली.

“आपण वाचत नाही?” मी म्हणालो.

“काय?”

“आपण,” मी घसा ताणून म्हणालो, “वाचत नाही का?”

“नाही काका. ज्याचं पोट त्यानं वाचायचं. दुसऱ्याला आपण कसे दिसतो ते कळतं.”

कुमुदने चष्मा लावला आणि पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. चतकोर. थांबली. दोन घास. थांबली. अळीव, तीन चमचे, थांबली. बातम्या द्याव्यात तशा आवाजात ती वाचत होती. अकराव्या दिवशी ती माझ्या त्या शेऱ्याशी आली आणि त्याच आवाजात तिने तोही वाचला, ‘माझे नाव येऊ नये’पर्यंत. मग पान उलटून बारावा दिवस वाचायला घेतला.

“थांबा थांबा,” बाई म्हणाल्या. “काकू, हे काय आहे?”

“मला ठाऊक आहे ते.”

“काय ठाऊक आहे?” मी विचारलं. या वेळी माझा आवाज बाईंनाही ऐकू गेला.

कुमुदने चष्मा काढला. “अहो, सासूबाई दुधी करायच्या तेव्हा तुम्ही घास पाण्याबरोबर गिळायचात. वाढायला मीच असायचे ना समोर? घाटावर तुम्ही दुधी म्हणालात, तेव्हाच मी कपाळाला हात लावला.”

“मग तू... माझ्यासाठी म्हणून नव्हतीस सोडला?”

“तुमच्यासाठी कशाला? सासूबाईंसाठी. मी खरं तर पेरू सोडणार होते. पण पोटच्या पोराने आईच्या नावाने नावडतं सोडलं. ते पोचायचं कसं? म्हटलं, तीच वस्तू आपण सोडू. आपल्याला आवडते, म्हणजे एकाचं तरी खरं होईल.”

खाली गिरणी चालली होती. मी टेबल धरून बसलो.

बाईंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “काकू, खरं सांगते, दुधीत रक्त वाढवायला फारसं काही नाही. पण दुधीवर तुमची भाकरी जाते. भाकरीवर चटणी जाते, मग गोळी टिकते. इंजिन लागलं की डबे येतात मागून. आता मला सांगा, हे सुटायचं कसं?”

“सुटत नाही. सोडलेलं सोडलेलं.”

“आणि काकांनी आता खरोखरचं काही सोडलं तर? आईंच्या नावानं? मग तुमचं तुम्ही परत घ्यायचं. शास्त्र मला माहीत नाही, पण हिशेब बरोबर लागतो की नाही?”

कुमुदने माझ्याकडे बघितलं. तेवढ्या वेळात ती किती वाळलीय हे मला नीट दिसलं. चष्मा काढल्यावर नाकावरचे दोन खड्डे तसेच राहिले होते.

“सोडतील?” ती म्हणाली. मला नव्हे, बाईंना.

“सोडतो,” मी म्हणालो. “काजू.”

“अहो.”

“चहा, मग.”

“चहा नको. मग घरात मलाच राहता येणार नाही.”

“काका, आवडीचं,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटा आणि सांगा.”

मी डोळे मिटले. घाई नव्हती, मागे कुणी उभं नव्हतं. आणि मग ते नाव इतकं सहज आलं, की घाटावर ते कुठे गेलं होतं याचं मला नवल वाटलं. “आंबा,” मी म्हणालो.

“आज फेब्रुवारीची एकोणीस तारीख आहे,” कुमुद म्हणाली.

“मे महिन्यातही नाही खाणार.”

“कैरी?”

“कैरीसुद्धा नाही.”

“लोणच्याचं मी बघेन,” तिने सवलत दिली.

बाईंनी त्यांचा मापाचा पेला भरला, त्यावर दोनशेपर्यंत रेघा होत्या. खाली वजनकाट्याचं झाकण ठेवलं. मी ओंजळ धरली, कुमुदने पाणी घातलं आणि मी ते सोडलं. टेबल थरथरत असल्याने थोडं बाईंच्या कागदांवर गेलं.

त्या दिवशी कुमुदने दीड भाकरी खाल्ली.

पुढचे दोन महिने मी सुखाने लिहिले. ‘दुधी, दोन वाट्या. भाकरी, पाऊण. चटणी. गोळी घेतली, मळमळ नाही.’ दुधी रोज नसायचा, एक दिवसाआड असायचा. पण मधल्या दिवशीही ती जेवू लागली, जसं काही तोंडाला परत आठवण झाली होती. माझ्या पानात तिने दुधी वाढला नाही. मार्चअखेर रक्त साडेआठ, एप्रिलच्या मध्याला नऊ पूर्णांक चार. वजन एक्केचाळीस. सर्जननी जूनचा पहिला आठवडा नक्की केला, दहा झालं तर.

अक्षय्य तृतीयेला राजापूरहून तिच्या भावाची आंब्याची पेटी आली.

मी त्या दिवसाचं समर्थन करत नाही. पेटी आठ दिवस पेंढ्यात होती आणि आमचं घर दोन खोल्यांचं. वाचायला बसलं तरी वास पानातून येत असे. नवव्या दिवशी दुपारी चार वाजता कुमुद शेजारी गेली होती. मी एक आंबा घेऊन गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीमागे उभं राहून खाल्ला. मग खाली येऊन दुसरा नेला. तो अर्धा झाला तेव्हा जिन्यात पावलं वाजली. ती दुसऱ्याच कुणाची होती, पण मी उरलेला टाकून दिला. साली आणि कोयी वर्तमानपत्रात गुंडाळून रस्त्यावरच्या कुंडीत टाकल्या, तोंड धुतलं, आणि पुस्तक उघडून बसलो.

कुमुद आली. माझ्याकडे बघितलं. शर्टाच्या बाहीकडे बघितलं. मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुधीचा वार होता. पानात दोडका आला.

“दुधी नाही?”

“कोवळा मिळाला नाही.”

पण टोपलीत दुधी होता. मी बघितला, त्याच्यावर तिच्या नखाची खूणही होती. ती दोन घास जेवली. मी लिहिलं: ‘थांबली.’ तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्याही. पाचव्या दिवशी तो दुधी तिने शेजारी देऊन टाकला. गोळीने पुन्हा मळमळू लागलं. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मलाही सांगावं लागलं असतं.

मगदूमबाईंनी काट्यावर उभं केलं तेव्हा वजन चाळीसच्या खाली होतं.

“काकू, आठ दिवसांत? काय झालं?”

“उन्हाळा,” कुमुद म्हणाली.

“ऑपरेशनला वीस दिवस राहिलेत. असं चाललं तर तारीख पुढे ढकलतील ते. काका, तुमची वही वाचा बघू.”

मी माझी वही उघडली, कुमुदच्या हातची. अर्धी शंकरपाळी न सोडणारी ती. त्या दिवसाच्या पानावर तिने लिहिलं होतं: ‘दुपारी ४. काही नाही.’ तिच्या लिहिण्यात मला कधी चूक सापडली नव्हती. ही एवढी एकच होती आणि ती तिने माझ्यासाठी केली होती. आणि मग स्वतःच्या पानातला दुधी काढून ठेवून तिने ती आपल्या परीने दुरुस्तही केली होती.

गिरणीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी सगळा जोर एकवटला.

“मी आंबा खाल्ला!” मी ओरडलो.

माझ्या ‘मी’ आणि ‘आंबा’च्या मध्ये कुठेतरी वीज गेली आणि गिरणी थांबली. बाहेर बाकावर चार बायका आणि एक निवृत्त फौजदार बसले होते. त्या सगळ्यांचं बोलणं बंद झालं. खाली गिरणीवाल्याने “काय झालं हो वर?” असं विचारलं.

“काही नाही,” मगदूमबाई खिडकीतून म्हणाल्या. “आंबा खाल्लाय.”

कुमुद माझ्याकडे बघत होती. “किती?”

“एक.”

“अहो.”

“दीड.”

“अर्धा टाकलात?”

“हो. कुणीतरी आलं असं वाटलं.”

“निदान पुरा तरी खायचा,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. ती हसत होती की काय, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पण मी दुसरं एक केलं. टेबलावरचा मापाचा पेला उचलला, भरला, झाकण खाली घेतलं आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच पाणी सोडलं. “आईच्या नावाने,” मी म्हणालो. “या वेळी कुणाला माझं पाळायला लागणार नाही.”

ऑपरेशन थोडं पुढे जाऊन जूनच्या नऊ तारखेला झालं, दहा पूर्णांक एकवर. त्यानंतरचे सोळा मे महिने मी मोजून काढले आहेत. हल्ली वास आला तर मी गच्चीवर जातो, रिकाम्या हाताने.

पण त्या ओरडण्याच्या दिवशी बाईंकडून घरी जाताना कुमुद मंडईत वळली. नख टेकवलं, नाकाजवळ नेला आणि दुधी माझ्या हातातल्या पिशवीत टाकला. घरी आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. वही माझ्या मांडीवर होती. एक भाकरी झाली. दुसरी तिने अर्धी मोडली. ती संपल्यावर ती थांबली, आणि माझा हात पेन्सिलीकडे गेला.

“लिहू नका,” ती म्हणाली, “अजून जेवतेय मी,” आणि उरलेली अर्धी तिने ओढून घेतली.